मोटारघरातली काच

तिसऱ्या खणात हात घातला आणि गाठ माझी नव्हती.

कपाला चिंधी गुंडाळताना मी ती आधी कानावरून घेते, मग तोंडावरून, आणि टोक आतच खोचते. गाठ मारत नाही. गाठ सोडताना ओढ बसते आणि ओढ बसली की कप हातातून निसटतो. ही मात्र गाठच होती, ज्वारीच्या पेंढीला मारतात तशी; एक वेढा, टोक खाली दाबलेलं, एका बोटानं ओढलं की सुटणारी. मी ओढलं. सुटली. कपाच्या पोटात रुईचा बोळा होता, मी घालते तसाच. दुसरा कपही तसाच. बशा आडव्या न रचता उभ्या लावलेल्या, दोन बशांच्या मध्ये लुगड्याची घडी, काचेचे पेले जुन्या लष्करी पायमोज्यांत सरकवलेले. काही चुकलेलं नव्हतं. काही चुकलं असतं तर बरं वाटलं असतं. मोटारघर, म्हणजे लॉरीवर बांधलेलं घर, प्रचाराच्या दौऱ्यावरून परतून अंगणात उभं होतं, दुपारच्या उन्हानं त्याचा पत्रा तापला होता, आणि आत पेट्रोलचा, धुळीचा आणि शिळ्या चहाचा वास कोंडला होता. वामनरावाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची सून कोकिळा पायरीवर उभी राहून गाद्या झटकत होती.

"हे कुणी भरलं गं?" मी विचारलं.

"कुठलं, आत्याबाई? ते होय. जानेफळला एक बाई होती, तिनं." गादीवर दोन थापा मारून ती पुढं म्हणाली, "तिथल्या पाटलांकडे जेवणं झाली, मग मोटारीपाशी सगळ्यांना चहा. मी परत भरायला बसले तर मामाजी म्हणाले, तू राहू दे, तुझ्या बांगड्यांनी टवके उडतील. त्या बाईला भरू दे, तिचे हात मोकळे आहेत. मी काढताना तिनं नीट पाहिलं असणार. एकही फुटला नाही, बघा तुम्ही."

"नाव काय तिचं?"

"सुभद्रा म्हणत होते तिला. का हो?"

"काही नाही. ऊन घेऊ नको डोक्यावर, आत जा."

सुभद्रा माझी मुलगी. जानेफळला दिली आहे. कोकिळेला ते माहीत असायचं कारण नाही. ती या घरात येऊन दोन दिवाळ्या झाल्या आणि या घरात माझ्या मुलीचं नाव सणावारीही निघत नाही. मी शेवटचं सुभद्रेला पाहिलं ते मेहकरला एका लग्नात. तिच्या हातात हिरवा चुडा होता, कोपराजवळ जाणारा, आणि ती पंगतीत वाढत होती तेव्हा मांडवाच्या त्या टोकालाही मला तिच्या हाताचा आवाज ओळखता येत होता. तिचे हात मोकळे आहेत, असं वामन म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला असेल, सहज, पाणी द्या म्हणावं तसं. म्हणजे अर्जुनराव गेला. माझा जावई मेला आणि तो केव्हा, कशानं, ते मला माहीत नाही. मी चौथा कप काढला. गाठ ओढली. हात थांबत नव्हते. हातांना वाईट खोड असते, त्यांना कुणी काही सांगितलं तरी ते चालूच राहतात.

काच माझ्याकडे आली तीही अशाच एका वाक्यानं. वामन नुकता वकील झाला होता आणि त्यानं मुंबईहून चिनी मातीचा संच आणला होता, पांढरा, काठाला निळी रेघ. त्या वेळी बुलढाण्यात असे कप साहेबलोकांकडे नाही तर एखाद्या तहसीलदाराकडे. आमच्या आईनं ते स्वयंपाकघरात येऊ दिले नाहीत, बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवले. वामनला मेहकर, चिखली, मलकापूर अशा कोर्टांच्या वाऱ्या, बैलांची दमणी, सोबत पक्षकार, मुक्कामाला अंमलदार. त्याला सगळ्यांना कपातून चहा द्यायची हौस. पहिल्या खेपेला त्याच्या बायकोनं, बिचारी आता नाही, पेटाऱ्यात कोंडा घालून कप भरले. तिच्या दोन्ही हातांत डझनभर बांगड्या. हात कोंड्यात घालायचा आणि काढायचा, काचेवर काच घासायची, आत काय होतंय ते दिसायचं नाही. दोन बशा तिथंच गेल्या. तेव्हा आई म्हणाली, "सत्यभामेले बसव तिथं. तिच्या हातात काय हाय वाजाले?" आई दुष्ट नव्हती. तिनं माझ्यासाठी घरात जागा शोधून काढली असं तिला वाटलं असेल. विधवा मुलगी घरी परत आली की तिला कुठं ठेवायचं हा प्रश्नच असतो. न पंगतीत, न ओटी भरण्यात, न नव्या नवरीच्या आसपास. पेटाऱ्यापाशी मात्र मी चालत होते. तिथं माझं अशुभच उपयोगाचं होतं.

माझ्या बांगड्या फुटल्या त्या देऊळघाटला, सासरी, ओट्याच्या दगडावर. सासूबाईंनी फोडल्या. माझं मनगट धरून त्यांनी आपटलं, एकदा, दोनदा, आणि एक तुकडा मनगटात रुतून राहिला तो कुणी काढला नाही, कारण त्या दिवशी मला कुणी शिवत नव्हतं. सुभद्रा तेव्हा चार वर्षांची. तिला वाटलं आजी मला मारते आहे. ती आजीच्या पायाला चावली. मला तेवढंच आठवतं त्या दिवसाचं. नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, पोरीचे दात आठवतात. मग वामन दमणी घेऊन आला मला न्यायला. तेव्हा तो कोवळा होता, मिशी फुटली नव्हती. सासऱ्यांनी सांगितलं, बाईले न्या, पोरगी आमची हाय. आणि आईचा निरोप होता की आधी तू ये, पोरीचं मागाहून पाहू. मी आले. मागाहून काही झालं नाही. ओढ्याकाठी नवऱ्याच्या वाट्याचं काळं वावर होतं, त्यात तीळ चांगला यायचा. मी गावात असते तर ते निदान माझ्या डोळ्यांसमोर असतं. मी गाव सोडलं आणि पुढच्या पेरणीला दिरांनी त्यात आपलं तिफण घातलं. वामन पुढं नामांकित वकील झाला, लोकांच्या वावरांसाठी अमरावतीपर्यंत भांडला. माझ्या वावराबद्दल एकदा म्हणाला, "वहिवाट त्याहीची हाय अक्का, तू तिथं नव्हती न." खरं होतं. मी तिथं नव्हते. मी इथं होते, बशांमध्ये घड्या घालत.

आणि तरी त्या दिवसांची मला ओढ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. थंडीतले मुक्काम. वामनबरोबर मीही जायची, कारण कप काढायला आणि भरायला कुणीतरी हवं. आमराईत राहुटी लागायची, बैल सोडलेले, शेकोटीत तुरीच्या शेंगा भाजायच्या, आणि मी पेटारा उघडून एकेक कप कोंड्यातून वर काढायची, फुंकर मारायची, उजेडात धरायची. अख्खा. पुढचा. अख्खा. पक्षकारमंडळी हसायची. कुणी म्हणायचं, "वकीलसाहेबाची बहीण कोंबडीखालची अंडी काढल्यावानी कप काढते." मलाही हसू यायचं. माणसाला आपलं एखादं काम चांगलं येतं तेव्हा ते काम आपल्याला कशामुळं मिळालं हे तो विसरतो. मी किती वर्षं विसरले होते. मोटार आली, दमणी गेली, मुक्काम संपले, मला न्यायचं कारण उरलं नाही. कपाटाची किल्ली तेवढी माझ्याकडे राहिली.

लढाई संपल्यावर सरकारनं लॉऱ्या विकायला काढल्या तेव्हा वामननं एक घेतली. मलकापूरच्या सुताराकडून तिच्यावर घर बांधून घेतलं: झोपायच्या दोन फळ्या, मिटणारं टेबल, खिडक्यांना पडदे, पाण्याची टाकी. कौन्सिलची निवडणूक लढवायची होती त्याला, आणि लोक मोटार पाहायला तरी येतील असा हिशेब. सुतारानं कप टांगायला पितळी आकडे ठोकले होते. दिसायला फार सुरेख. पहिल्याच खेपेला घाट उतरताना सगळे कप झुलले, एकमेकांवर आदळले, आणि मलकापुरात पोचेपर्यंत आकड्यांवर नुसते कान राहिले. वामन परत आला तो सरळ माझ्याकडे. "अक्का, तूच पाय आता." मी मोटारीत चढले, हाताच्या आधारानं, गुडघे दुखतात. सगळं पाहिलं. त्याला म्हटलं, मागच्या चाकाच्या मागं जे असतं ते उडतं, तिथं काच ठेवू नको. डायव्हरच्या पाठीशी, खाली, तळाला लागून पेटी कर. हलायला जागा राहिली नाही पाहिजे, कपाला कप लागला नाही पाहिजे. तिथं एक अरुंद बाकडं होतं. तो म्हणाला, "मंग हे बाकडं काढा लागते." मी म्हटलं, काढ. नवे कप आले. माझी जुनी लुगडी फाडून मी कप्पे शिवले, सरकी काढलेली रुई भरली. मोटार घाटावरून फिरवून आणली तेव्हा पेटीतून आवाजसुद्धा आला नाही, आणि मला, साठीला टेकलेल्या बाईला, अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर दौरा ठरला. मेहकर तालुका, जानेफळला मुक्काम. मी वामनला म्हटलं, मले घेऊन चाल, सुभद्रेले पाहून येते. तो म्हणाला, "पाहू." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो हसला. "आता तुले बसवू कुठी अक्का? तूच तं बाकडं काढाले लावलं." मीही हसले. रात्री अंथरुणावर पडून मला वाटलं की हे माझंच केलेलं आहे, काचेला चांगली जागा दिली आणि आपली घालवली, आणि त्या वाटण्यात थोडासा अभिमानही होता. किती सोयीचं कारण दिलं त्यानं मला. चोळीच्या मापाचं. मी ते घालून मिरवत होते.

कपाळावरचा घाम पुसला तर हाताला रुई चिकटलेली. बाहेर डायव्हर कडूबा बोनेटवर पाणी मारत होता. कडूबा लष्करात मोटार चालवायला शिकला, बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. मला पाहून म्हणाला, "अक्का, तुमच्या कपाईनं मालकाले मागं टाकलं. भाषण ऐकाले धा माणसं, अन् पेटी पाहाले अख्खं गाव. एक बुढा मले म्हणे, काय रे, हे कपच उभे हायेत का निवडणुकीले?"

"कडूबा," मी म्हटलं, "अर्जुनराव केव्हा गेला?"

त्यानं बादली खाली ठेवली.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. तू सांग."

तो मोटारीच्या दाराशी आला. आवाज खाली गेला होता. "भादव्यात गेला अक्का. ताप डोक्यात चढला. जानेफळहून माणूस आलता निरोप घेऊन, मालकानं त्याले बाहेरूनच जेऊ घालून लावून देलं. दसऱ्याले मोटारीची पूजा होती न. तुमाले कळलं असतं तं सुतक आलं असतं घरात, पूजा राह्यली असती. मंग दिवाळी आली. मंग म्हणे दौरा होऊन जाऊ द्या." घराघरांत असंच करतात. निरोप कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही, म्हणून शुभकार्य असलं की निरोप्याला वेशीवरच थोपवतात. मीसुद्धा पाहिलंय, मीसुद्धा एका लग्नात अशी गप्प बसलेय. म्हणजे दसऱ्याला मोटारीच्या चाकाला हळदकुंकू लावत होते ते मी लांब उभी राहून पाहिलं, पेढा खाल्ला, आणि त्या दिवसांत माझी पोर जानेफळला भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसली होती. पेढ्याची चव मला आता आली.

"ती काही बोलली तुझ्याशी?"

"बोलली." त्यानं ओलं फडकं पिळलं. "अगुदर तं मोटारीत चढली. मले वाटलं चहाचं सामान पाहून राह्यली. तं ते पडदे सारून पाहे. झोपाच्या फळीखाली वाकून पायलं. मी म्हटलं, काय पाह्यता बाई? तं म्हणे, माय आली असंन असं वाटलं मले. तिले वाटलं तुमी लाजून बसल्या असान अंदर. मंग कप भरले तिनं. उतरताना म्हणे, मायले सांगजा, मले न्याले ये म्हणा. इथं नाही राहवत आता." फडकं खांद्यावर टाकून तो म्हणाला, "मालकानं मले सांगू नको म्हटलं होतं. तुमी माहं नाव घेऊ नका."

मी त्याचं नाव घेणार नव्हते. मी खाली बसले, पेटीशेजारी, जिथं बाकडं होतं. मले न्याले ये. चार वर्षांची होती तेव्हाही ती हेच म्हणाली असेल, पण तेव्हा कुणी कडूबा नव्हता माझ्यापर्यंत आणून पोचवायला. तिला माझ्यापाशी आणायचं हे एकच मागणं मी आयुष्यभर केलं. देवाकडे, आईकडे, वामनकडे, मग कुणाकडेच नाही, नुसतं भिंतीकडे. तिच्या लग्नाआधी, तिच्या बाळंतपणाआधी, ते मूल जगलं नाही त्यानंतर. आता कुणी अडवणारं नव्हतं. सासरा नाही, नवरा नाही, मूलबाळ नाही. ती येईल, माझ्या खोलीत दुसरं अंथरूण पडेल, सकाळी उठून मी तिचे केस विंचरीन, अडतीस वर्षांच्या बाईचे. मला ते केस बोटांत लागायलासुद्धा लागले. पेटीतल्या त्या गाठी मी सोडल्या होत्या त्या चिंध्यांचा ढीग मांडीवर होता, आणि मी उगाच त्या सारख्या करत बसले.

वामन चारच्या सुमारास कचेरीतून आला. मी त्याच्यासमोर चहा ठेवला. तो पंचा घेऊन तोंड पुसत होता. मी विचारलं, "सुभद्रेचं मले काऊन नाही सांगतलं?"

पंचा तोंडावर जरा जास्त वेळ राहिला. मग तो खुर्चीत बसला. "कळलं का तुले. मी सांगणारच होतो अक्का. दौऱ्याची धांदल, तू रडली असती, जेवली नसती. तुहंच पाहून नाही सांगतलं." तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे सोयीचं असतं ते दुसऱ्याच्या भल्याचं असतं, असं त्याला मनापासून वाटतं. त्याच्यावर लहानपणापासून सगळ्यांनी माया केली. "अन् मी तिची व्यवस्था बी लावून आलो. तिच्या थोरल्या दिराशी बोललो. जेवण त्याच्याकडंच होतं, गावात वजन हाय त्याचं, पंचवीस-तीस मतं तं तो एकटा आणते. माणूस समजदार हाय. म्हणे, बाईमाणूस एकटी वावर कशी वाहीन, माहेरी नेली तं आमचा बी घोर जाईन. मी म्हटलं, बरोबर हाय. पुढच्या खेपेले तिले मोटारीतच घेऊन येतो."

"अन् वावर?"

"वावर काय पळून चाललं का? पाहून घेऊ मागाहून." त्यानं बशीत चहा ओतला. "तुले सोबत होईन. आता तुह्यानं चढणं-उतरणं होत नाही मोटारीत. ते येईन दौऱ्यावर. हात लय चांगला हाय व तिचा, तुह्यावरच गेला. एक टवका नाही उडाला."

त्यानं हे प्रेमानं सांगितलं. मला शाबासकी दिल्यासारखं, पोरीत आईचा गुण उतरला म्हणून. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि मला ती दिसत होती, मोटारीत, डायव्हरच्या पाठीशी, पेटीजवळ खाली बसलेली, गावोगाव. मग तिचेही गुडघे दुखायला लागलेले. मग माझ्या मागं कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. आणि जानेफळला तिच्या वावरात दुसऱ्याचं तिफण. दिरानं मतं दिली, वामननं बाई उचलून आणली. दोघंही समजदार.

"नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"तिले आणू नको."

बशी त्याच्या ओठाशी थांबली. "अक्का, काय बोलून राह्यली तू? पोटची पोर हाय तुही. जनमभर तिच्यासाठी डोळे गाळले तुनं."

"हाव."

"तिनं सोता म्हटलं मले, मायजवळ घेऊन चाला."

"म्हटलं असंन. तिले सांग, माय नाही म्हणते. म्हणा, तुहं जे हाय ते तिथंच हाय. गाव सोडू नको, वावर पडीक ठेवू नको. एका दिवसासाठी बी निंघू नको."

"अशानं ते काय समजन?"

"काय समजाचं ते समजू दे."

"चार गोड शब्द तं सांगू का नको?"

मी विचार केला. गोड शब्द सांगितले तर ती येईल. एक शब्द जरी गोड गेला तरी ती त्याला धरून चालत येईल, चिखलीच्या वाटेनं, पायी. "नको," मी म्हटलं. "मायनं नाही म्हटलं, एवढंच सांग."

वामन उठला. चहा तसाच राहिला. दारात वळून तो म्हणाला, "तू पह्यलेपासूनच दगडाची." देऊळघाटला मी दमणीत बसले तेव्हाही बायका असंच म्हणाल्या होत्या, पोर टाकून चालली, दगडाची हाय. आता सुभद्राही म्हणेल. ती मोठ्यानं म्हणेल, दिरासमोर, जावांसमोर, रडून, कपाळ बडवून म्हणेल, आणि त्या रागात पुन्हा कधी माझं नाव घेणार नाही. म्हणू दे. ज्वारीची सोंगणी तोंडावर आली असेल तिकडे. तिनं पदर खोचावा, विळा घ्यावा, आणि मला शिव्या देत देत का होईना, आपल्या वावरात उतरावं.